परवानगी द्यायला सगळे, काढून घ्यायला कोणीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डेटा चोरीची किंवा एखादी सर्व्हिस तासन्‌तास बंद पडल्याची बातमी आली की लोकांच्या डोळ्यापुढे लगेच कोणीतरी परका हॅकर येतो. मी बारा वर्षं नेटवर्कचं काम करतोय, त्यातली शेवटची सात क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीचे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर), आणि मी स्वतः जे पाहिलंय त्यात बऱ्याचदा दार आतल्याच माणसाने उघडं ठेवलेलं होतं. तेही वाईट हेतूने नाही, घाईघाईत, आणि मुळात त्या दाराची किल्ली त्याच्याकडे असायचं काही कारणच नव्हतं. यावर फारसं कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडे घडलेलंच सांगतो. एका बाहेरच्या टीमला आमच्या टेस्ट सर्व्हरवर यायचं होतं, त्यांचा आयपी ॲड्रेस सारखा बदलत होता, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, शेवटी ड्युटीवरच्या मुलाने सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडमधली फायरवॉल, म्हणजे सर्व्हरपर्यंत कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणारं फाटक) २२ नंबरचा पोर्ट, जिथून लांबून सर्व्हरमध्ये लॉगिन करतात, तो ०.०.०.०/० ला उघडून दिला. म्हणजे इंटरनेटवरचं कुठलंही मशीन येऊन त्या सर्व्हरचं दार ठोठावू शकेल असं झालं. डिस्क्रिप्शनमध्ये त्याने लिहिलेलं, "टेम्पररी, उद्या काढणे". तो उद्या चौदा महिन्यांनी आला, ऑडिटमध्ये. रूल कोणी टाकला हे शोधायला गेलो तर लॉगच नाही, कारण एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, क्लाउडट्रेल नावाच्या नोंदवहीत आपण काही केलं नाही तर ९० दिवसांचीच हिस्टरी बघायला मिळते, त्यापुढची हवी तर ती साठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते आणि आम्ही ती केलीच नव्हती. त्या मुलाने स्वतःहून येऊन सांगितलं म्हणून कळलं. तोपर्यंत तो नेटवर्क सोडून रिपोर्टिंगच्या टीममध्ये जाऊन आठ महिने झाले होते, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या दिवशीही त्याचे फायरवॉल बदलायचे सगळे अधिकार जसेच्या तसे चालू होते.

त्या मुलाला मी अजिबात दोष देत नाही, त्याने निदान खरं सांगितलं. दोष आमचा, परवानग्या वाटणाऱ्यांचा. नवीन माणूस आला की त्याचं काम अडू नये म्हणून "सध्या ॲडमिन देऊन टाक, नंतर बघू" म्हणायचं, आणि नंतर कोणी बघत नाही. टीम बदलली की नवीन परवानग्या मिळतात, जुन्या तशाच राहतात. नोकरी सोडली की एचआर ईमेल बंद करतं, लॅपटॉप परत घेतं, सगळ्यांना वाटतं झालं काम, पण त्याने कधीतरी स्वतःच्या नावाने बनवलेली ॲक्सेस की (प्रोग्रॅमला क्लाउडमध्ये शिरायला लागणारा पासवर्डसारखा कोड) ईमेल बंद केल्याने बंद होत नाही, ती वेगळी जाऊन बंद करावी लागते.

हे किती महागात पडतं त्याचं कोर्टात सिद्ध झालेलं उदाहरण आहे. २०१८ मध्ये सिस्कोतून एप्रिलमध्ये राजीनामा दिलेल्या एका इंजिनिअरने सप्टेंबरमध्ये त्यांच्या एडब्ल्यूएसवरच्या सेटअपमध्ये शिरून ४५६ व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले सर्व्हर) उडवली. वेबेक्स टीम्स या सिस्कोच्या ऑनलाइन मीटिंग-मेसेजच्या सर्व्हिसची १६ हजारांच्या वर अकाउंट बंद पडली, काही तर दोन आठवड्यांपर्यंत. त्याला २०२० मध्ये २४ महिन्यांची शिक्षा झाली. सिस्कोसारखी नेटवर्किंगमधलीच कंपनी, आणि सोडून गेलेला माणूस पाच महिन्यांनी आत येऊ शकला, मग बाकीच्यांनी आपल्याकडे सगळं ठीकच असेल असं कशाच्या जोरावर समजायचं?

जुन्या परवानग्या लोक काढत का नाहीत तेही सांगतो, कारण आळस हे एकच कारण नाहीये, भीती जास्त असते. आम्ही एकदा सोडून गेलेल्या सहकाऱ्याची की डिलीट केली आणि त्याच रात्री बॅकअप थांबला, कारण बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये त्याचीच की टाकलेली होती. त्यानंतर वर्षभर सगळ्यांचं एकच, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. हा साफ चुकीचा धडा घेतला आम्ही. की शेवटची कधी वापरली ते तिथेच दिसतं, ते बघायचं, आधी नुसती इनॲक्टिव्ह करायची, काही बंद पडलं तर लगेच परत चालू करता येते, थोडे दिवस थांबून मग डिलीट. आणि स्क्रिप्टला माणसाची की द्यायचीच नाही, तिचा स्वतंत्र रोल (कुठल्या एका माणसाशी न जोडलेला परवानग्यांचा संच) हवा.

नेटवर्कच्या परवानग्यांना मी जास्त जपतो कारण इथे एका ओळीने सगळं बदलतं. राउट टेबलमधली (डेटा कुठल्या वाटेने जायचा त्याची यादी) एक एंट्री चुकली की सगळे सर्व्हर धडधाकट असूनही कोणापर्यंत काही पोचत नाही. गूगल क्लाउडमध्ये नेटवर्क ॲडमिनला फायरवॉलचे रूल फक्त बघता येतात, बदलायचा अधिकार सिक्युरिटी ॲडमिनच्या रोलमध्ये ठेवलाय, मला ही वाटणी फार पटते. रस्ता बांधणारा आणि फाटक उघडणारा एकच माणूस नको. ज्याला कामापुरते लागतील तेवढेच अधिकार द्यावेत हे सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा क्लाउड नव्हतासुद्धा.

आता आम्ही फायरवॉलची परवानगी मागणाऱ्याला चार तासांपुरतीच देतो, दुसऱ्या कोणीतरी मान्य केल्यावर, आणि वेळ संपली की ती आपोआप जाते, कोणी आठवण ठेवायची गरज नाही. रात्री याचा वैताग येतो हे खरंय, पाच-दहा मिनिटं जास्त जातात, भांडणंही झाली आहेत यावरून. तरी मी मागे हटणार नाही.

ज्यांच्या हाताखाली अशा टीम आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, उद्याच्या उद्या दोन याद्या मागवा. फायरवॉल आणि राउट कोण-कोण बदलू शकतं त्यांची एक, आणि ते काम आज खरंच कोण करतं त्यांची दुसरी. आमच्या पहिल्या यादीत ४१ नावं निघाली होती, दुसरीत सहा.

आपला,
एक नेटवर्क इंजिनिअर