गोळ्यांवर आळ

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत एका भगिनीने विचारले होते की, कुटुंब नियोजनाच्या गोळ्या सुरू केल्यापासून खाज येते, अंगावरून पांढरे जाते, काय करू? उत्तर एका ओळीचे होते: गोळ्या बंद करा. मी गेल्या पावसाळ्यात नेमके तेच केले होते, म्हणून हे पत्र.

मी माला-डी घेत होते. फाटलेल्या दुधासारखे पांढरे जाऊ लागले, खाजेने रात्र रात्र झोप नाही. जाऊबाईंचे निदान तयारच होते, 'गोळ्यांची उष्णता!' गोळ्या सोडल्या. मेडिकलमध्ये दोन पुरुष गिऱ्हाइके हलेपर्यंत उगाच बामच्या बाटल्या न्याहाळत उभी राहिले आणि मग हळूच म्हणाले, 'खुजली'. कुठे ते त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. 'भाभीजी, ये लगा लो,' म्हणत त्याने ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. (पान आपल्याच पत्राचे होते, राग नसावा.) दोन दिवस बरे वाटले, आठवड्याने दुप्पट आग. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल हे जहाल स्टेरॉइड होते. ते खाज दाबते, बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. ते चिठ्ठीशिवाय विकायचे नसते म्हणे!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. गोळ्या सोडून दीड महिना झाला होता, पाळी लांबलेली. बुरशीवरची फ्लुकोनाझोल गरोदरपणी देत नाहीत, म्हणून आधी लघवीची तपासणी. पट्टीवर दुसरी रेघ उमटते का, हे बघत बसलेली ती पाच मिनिटे मी विसरणार नाही. नाही उमटली. मग बाईंनी विचारले, 'शुगर कधी बघितली होती?' कधीच नाही. जेवणानंतरची निघाली 268, म्हणजे मधुमेहच. रोज सकाळी पोहे-जिलबी खाणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हे विचारायलाच हवे.

बाईंनी समजावले ते असे. कॅन्डिडा ही बुरशी कित्येक निरोगी बायकांच्या अंगात असतेच. गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साठवलेली साखर) वाढते आणि ते बुरशीच्या पथ्यावर पडते. म्हणून पूर्वीच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांवर ठपका यायचा. माला-डीत इस्ट्रोजेन फक्त 0.03 मिलिग्रॅम असते. आटोक्यात नसलेली साखर किंवा नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स यांच्याकडे आधी बघावे. मला फ्लुकोनाझोल 150 ची एक गोळी आणि तीन दिवसांनी दुसरी दिली, शिवाय मधुमेहाची औषधे. रक्तदाब ठीक निघाला, तेव्हा पुढच्या पाळीपासून माला-डी पुन्हा सुरू झाली. खाज आली नाही.

त्या भगिनीला एवढे कळवावे की गोळ्या सोडण्याआधी तपासून घे, शुगरही बघ. माशासारखा वास येत असेल तर दुखणे दुसरेच असते आणि औषधही वेगळे.

नाव छापू नये ही विनंती. जाऊबाई आपला अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

– एक वाचक, इंदूर