मांडीवर लेकरू घेऊन डोळे मिटून बसलेल्या आईस

ताई, सप्रेम नमस्कार.

फिट येणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन तुम्ही आय ट्रॅकरसमोर, म्हणजे नजर टिपणाऱ्या यंत्रासमोर, बसलात. अहवालावर सही डॉक्टरांची आणि आकडे यंत्राचे. पण ते आकडे भरवशाचे ठरले ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि त्याच खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक आईला, बाबांना, आजीला.

सर्वांत आधी काजळाबद्दल आभार. स्क्रीनखालून न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर पडतो, बुबुळावर त्याचा बारीक ठिपका चमकतो आणि त्या ठिपक्यापासून बाहुलीचा मध्य किती सरकला त्यावरून नजर कुठे आहे हे यंत्र ठरवतं. पापणीच्या कडेला काजळ असलं की तो काळा पट्टाही त्याला बाहुलीच वाटतो. नुसत्या पाण्यानं ते निघत नाही. तुम्ही खोबरेल तेलाचा बोळा फिरवून, वर ओल्या फडक्यानं नीट टिपून आणलंत. गालावरची तीट राहू दिलीत तेही बरोबरच, तिनं काही बिघडत नाही.

मग यंत्राला बाळाच्या नजरेची ओळख करून देणारे ते स्क्रीनवरचे पाच ठिपके. स्क्रीनपासून ६० ते ६५ सेंटिमीटरवर पाठ टेकून तुम्ही बसलात आणि बाळाची कंबर धरून ठेवलीत, मान नाही. मान धरली की मूल झटापट करतं. या अंतरावर नजरेतली १ अंशाची चूक म्हणजे स्क्रीनवर साधारण १ सेंटिमीटर. ती ३ अंशांवर गेली तर स्क्रीनवरच्या चेंडूकडे पाहणारं मूल शेजारच्या कपाकडे पाहतंय अशी नोंद होऊ शकते, आणि चुकीचं लेबल लागतं ते मुलाला.

पण खरे आभार तुमच्या गप्प बसण्याचे. स्क्रीनवर दोन चित्रं येतात आणि आवाज विचारतो, “चेंडू कुठंय?” मूल बोलत नसेल, हात चालवत नसेल, तरी शब्द कळला असेल तर नजर तिकडे जाते. शब्द सुरू झाल्यावर पहिले ३०० मिलिसेकंद आम्ही मोजत नाही, कारण ऐकून नजर वळवायला तेवढा वेळ लागतोच. रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलींच्या बाबतीत तर बहुतेकदा हाच एक रस्ता उरतो: हात आपसात चोळले जातात, बोली गेलेली असते, नजर मात्र शाबूत असते. अशा वेळी आईचे डोळे उघडे असले तर तिची मांडी नकळत उत्तराकडे कलते, श्वास बदलतो, आणि मूल चित्राऐवजी आईला वाचतं. ज्या लेकराच्या तोंडून शब्द ऐकायला जीव आसुसलेला, त्यालाच प्रश्न विचारला जात असताना डोळे मिटून, “बघ ना रे” असं न म्हणता बसणं किती जड जातं, हे आम्हाला कळतं. जे उत्तर मिळालं ते फक्त त्याचं होतं.

औषधांचा कागदही मोलाचा ठरला. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांनी नजरेच्या उड्या मंदावतात. फेनिटॉइन रक्तात जास्त झालं की डोळे थरथरतात आणि सरकत्या ठिपक्याचा मागोवा तुटक होतो. डोसची वेळ ठाऊक नसती तर गोळीचा परिणाम मेंदूच्या माथी मारला गेला असता. तपासणी आहे म्हणून तुम्ही डोस चुकवला नाहीत, हे फार चांगलं केलंत. आदल्या रात्रीची फिटही लिहिली होतीत, म्हणूनच त्या दिवशीचं लक्ष टिकवण्याचं मोजमाप आम्ही बाजूला ठेवलं.

मोठ्या मुलांना आम्ही ठिपका उजवीकडे आला की डावीकडे बघायला सांगतो. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेल्या मुलांना स्वतःला आवरणं जड जातं का, हे त्यातून दिसतं. पण सहा-सात वर्षांचं कुठलंही निरोगी मूल यात भरपूर चुकतं, म्हणून तुलना फक्त त्याच वयाच्या मुलांशी. तुमच्या थोरल्या मुलीच्या तपासणीतल्या अशा चुका पाहून तुम्ही घाबरला नाहीत, त्याबद्दलही आभार.

एक मात्र सांगून ठेवतो. नोंदीत नजर दहा सेकंद एकाच जागी थिजली तर ती अ‍ॅबसेन्स फिट (काही सेकंद भान हरपण्याची फिट) असू शकते, किंवा मूल नुसतं कंटाळलेलंही असू शकतं. हा निवाडा व्हिडिओ ईईजीचा, म्हणजे चित्रणासोबत मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवणाऱ्या तपासणीचा. आमचं यंत्र त्याची जागा घेत नाही. घरी असं टक लावणं दिसलं तर हाक मारा, खांद्याला हात लावा, मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या तपासणीला वेळ तीच धरू: पोटभर जेवण आणि झोप झाल्यावर, डोस घेऊन या खेपेला जितके तास झाले होते तितकेच झाल्यावर. म्हणजे दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवता येतील. काजळ नको, आणि तुमचे डोळे असेच मिटलेले असू द्या.

तुमचे ऋणी,
आय ट्रॅकिंग तपासणी करणारे आम्ही सगळे