समासातल्या टिपणांबद्दल आभार

आदरणीय ग्रंथपाल बाईंना,

स. न. वि. वि.

नामांकित गोल्फ क्लबांचा इतिहास वाचण्यासाठी तुम्ही जी यादी करून दिलीत, त्यातली पुस्तकं आणखी कुणीही सुचवली असती. समासात पेन्सिलीनं लिहिलेली टिपणं मात्र तुमचीच. हे पत्र त्या टिपणांबद्दल आहे. इतर वाचकांनाही ती उपयोगी पडावीत, म्हणून ते उघड लिहितो आहोत.

क्लबची शताब्दी स्मरणिका सगळ्यात शेवटी वाचा, हे तुमचं पहिलंच टिपण. स्मरणिकेचा खर्च क्लबचा, संपादक क्लबचा सभासद. मग कॅप्टनांचे फोटो पानोपानी येतात आणि कुणाकुणाला दाराबाहेर ठेवलं ते चार ओळींत आटपतं. वर सूची नसते, म्हणजे एक नाव शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागतं. त्याऐवजी तुम्ही सुरुवातीला ठेवलंत रॉबर्ट क्लार्कचं १८७५ चं संकलन. त्यात जुन्या स्कॉटिश क्लबांच्या इतिवृत्तांतले उतारे आहेत. कोरडे आहेत खरे, पण सभेत काय ठरलं ते त्याच वेळी लिहिलेलं आहे, शंभर वर्षांनी आठवून नाही.

नावांबद्दलचं टिपण तर सोन्यासारखं. एडिनबराजवळच्या लीथच्या मैदानावर १७४४ साली तेरा नियम लिहिणारी मंडळी आज 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्स' म्हणून ओळखली जातात. त्यांनी १८३६ मध्ये मसलबरा गाठलं आणि १८९१ मध्ये म्यूरफील्ड. म्हणजे १८५० च्या मजकुरात या क्लबचं मैदान आलं, तर ते मसलबराचं समजायचं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावची गोल्फ संस्था १७५४ ची, पण 'रॉयल अँड एन्शंट' हे नाव मिळालं १८३४ मध्ये, चौथ्या विल्यम राजाकडून. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांसाठी 'रॉयल कलकत्ता' शोधलं तर हाती काही लागत नाही, कारण तेव्हा तो दमदमचा क्लब होता. क्लबचं आजचं नाव जुन्या कागदांत शोधणं हीच बहुतेकांची पहिली चूक.

स्कॅन केलेल्या पुस्तकांत शोधतानाही तीच गत. अठराव्या शतकात 'गोल्फ'ऐवजी 'गॉफ' असंही लिहीत. थॉमस मॅथिसनच्या १७४३ च्या काव्याच्या नावातच ते आहे. शिवाय त्या काळच्या छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, त्यामुळे 'सोसायटी' हा साधा शब्दही निसटतो. दोन्ही स्पेलिंगं टाका, आणि 'एस'च्या जागी 'एफ' घालून पुन्हा एकदा शोधा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर निम्मे उतारे हातचे गेले असते.

आता मैदानात होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे, अठराच का असतात त्याविषयी. सेंट अँड्र्यूजला जाताना आणि परतताना बहुतेक होल तेच असत; एक फेरी बावीस होलांची. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, बावीसचे अठरा झाले. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग म्हणून अठरा होल, ही गोष्ट छापणारं पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं. आणि त्या वर्षापासून सगळीकडे अठरा झाले, असंही नाही. स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला १८६० साली पहिली ओपन (आज जिला ब्रिटिश ओपन म्हणतात ती स्पर्धा) झाली, तेव्हा तिथे बाराच होल होते. आठ खेळाडू, एका दिवसात तीन फेऱ्या, एकूण ३६ होल. विली पार्कनं सगळ्यात कमी, १७४ फटक्यांत ती जिंकली. पुढे ओपन ७२ होलांची झाली १८९२ मध्ये, म्यूरफील्डला. तेव्हा १७४ हा आकडा पुढच्या विजेत्यांशेजारी मांडण्याआधी होलांनी भागायला हवा: होलामागे ४.८३ फटके. तुमच्या 'आधी भागाकार, मग कौतुक' या टिपणाचा अर्थ तिथे लागला.

ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतल्या क्लबच्या पानावर तुम्ही फक्त 'नऊ मिळवा' एवढंच लिहिलं होतंत. ते असं आहे: १९३४ च्या पहिल्या स्पर्धेत मैदानाचे दोन अर्धे आजच्या उलट क्रमानं खेळले गेले आणि १९३५ पासून ते बदलले. म्हणून १९३४ च्या वर्णनात एक ते नऊ क्रमांकात नऊ मिळवायचे, दहा ते अठरामधून नऊ वजा करायचे. पाण्यापलीकडचा आजचा बारावा, आखूड होल तेव्हाच्या बातमीत तिसरा असतो. जीन सॅरेझननं २३५ यार्डांवरून एका फटक्यात चेंडू थेट होलात घातला तो पंधरावा मात्र आजचाच पंधरावा, कारण ते वर्ष १९३५. स्पर्धेला 'मास्टर्स' हे नाव अधिकृतपणे मिळालं १९३९ मध्ये. म्हणजे इथेही नावाचा तोच घोळ.

बर्नार्ड डार्विनचं १९१० चं ब्रिटिश मैदानांवरचं पुस्तक तुम्ही मधे कुठेतरी, जणू विसाव्याला ठेवलंत. बरं केलंत. इतिवृत्तांनंतर चांगलं गद्य लागतंच.

एक छोटी भर सुचवतो. यादीत लंडनजवळच्या ब्लॅकहीथ क्लबपुढे १६०८ हे साल लिहिलं आहे, ते परंपरेनं चालत आलेलं. हाताशी असलेला जुना पुरावा म्हणजे १७६६ साल कोरलेली चांदीची गोल्फची काठी. तिच्यावर मंडळींचं नाव 'ऑनरेबल कंपनी ऑफ गॉफर्स' असं आहे, म्हणजे वाचणारा ते एडिनबराचेच लोक समजून बसायचा. १६०८ पुढे पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह तेवढं घाला.

कळावे,
आपले ऋणी वाचक