फॉरमॅट मारायच्या आधी

प्रिय अवि,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. कॉम्प्युटर सुरू केला की घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख, ब्राउझर उघडला की जिथे जावं तिथे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा, आणि त्यात तुला कुणीतरी सांगितलं की हा व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. अवि, एवढ्यात फॉरमॅट मारू नकोस. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. मी घाईघाईने विंडोज नव्याने टाकलं, त्याआधी सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर काढण्यात रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तारीख पुन्हा मागे. तुझी तशी रात्र जाऊ नये म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुझ्या मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावरचा, सेल संपलाय. नाण्याएवढा गोल, चपटा सेल असतो, त्यावर ‘सीआर २०३२’ असं लिहिलेलं असतं. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टचा असतो. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ याच सेलच्या जोरावर चालतं, त्यातला एक क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. हा आकडा मला फार आवडतो. त्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं, असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक येतो, म्हणजे एक सेकंद. मनगटी घड्याळातही बहुतेक हाच स्फटिक असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत ही सोयच नव्हती, प्रत्येक वेळी सुरू करताना तारीख आणि वेळ आपणच टाकायची. सेलवर चालणारं घड्याळ १९८४च्या ‘पीसी एटी’मध्ये आलं.

ऑफिसातल्या तितक्याच जुन्या मशीनला काही होत नाही, मग माझ्याच का, असं तू विचारलंयस. तू रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतोस ना? प्लगमध्ये वीज चालू असेल तर बंद कॉम्प्युटरच्या बोर्डावरही थोडा पुरवठा राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. म्हणून तुझा सेल लवकर संपला. तुझी सवय चुकीची नाही, ती सोडू नकोस.

आणि तो इशारा? सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुझ्या घड्याळानुसार ती मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून ब्राउझर आत सोडत नाही. तारीख हाताने नीट केलीस की त्याच क्षणी सगळं उघडेल. करून बघ.

सेल बदलणं सोपं आहे, पण आधी दोन गोष्टी कर. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ, विशेषतः ‘साटा मोड’ (डिस्कशी कसं बोलायचं ती सेटिंग) लिहिलेल्या पानाचा. सेल काढल्यावर ती सेटिंग मूळपदावर गेली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर तिची ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ (कुलपाची किल्ली) कागदावर उतरवून ठेव. मग वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या धातूला हात लाव आणि बाजूचं झाकण उघड. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची खिटी असते. नखाने ती हलकेच बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकू नकोस, खाली बोर्डावर ओरखडा गेला तर तो निस्तरता येत नाही. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसव.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात घेतो. रोज शट डाउन करूनही मशीन जड चालतं म्हणतोस. २०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघ, कित्येक दिवसांचा आकडा दिसेल. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. आठवड्यातून एकदा ते कर.

वायरलेस माउस अडखळतो तो बहुधा शेजारी लावलेल्या डिस्कमुळे. यूएसबी ३च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट निघतो आणि माउसही तिथेच बोलतो. माउसचा रिसीव्हर पुढच्या बाजूला लाव, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर ने.

एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, यात तुला कुणी फसवलेलं नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने मात्र मी खूश झालो. मराठी टाइप करताना बॅकस्पेस दाबलं की अक्षर तुकड्यातुकड्याने का जातं? ‘स्त्री’ आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण आत सहा चिन्हं ओळीने असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, आणि दीर्घ वेलांटी. बॅकस्पेस शेवटून एकेक काढतं. ‘कि’ लिहून बघ. वेलांटी दिसते डावीकडे, पण साठवली जाते क नंतर, म्हणून आधी तीच जाते. आणि डिलीट दाबलंस तर बहुतेक ठिकाणी अख्खं जोडाक्षर एका फटक्यात जातं. बॅकस्पेसची ही सोय मला मनापासून आवडते. हात चुकून ‘त्र’च्या जागी ‘त्य’ पडला तर पूर्ण अक्षर न खोडता शेपूट तेवढी बदलता येते.

सेल बदललास की रात्री नेहमीसारखं भिंतीवरचं बटण बंद कर आणि सकाळी घड्याळ बघ. तारीख जागेवर असली तर तेवढं कळव. नसली तर सुरू होताना काळ्या पडद्यावर जी अक्षरं येतात त्यांचा फोटो पाठव, मी लगेच फोन करतो.

तुझा,
नंदू