नाकारलेल्या अहवालाची कारणे तक्रारदाराला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी शांतता समितीची बैठक झाली. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन-तीन व्यापारी आणि माझ्यासारखी काही निवृत्त माणसे, असा नेहमीचाच गोतावळा होता. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ हे विषय आटोपल्यावर एका तरुणाने विचारले, की पोलिसांविरुद्धच तक्रार करायची असेल तर कुठे जायचे. ‘एसपी साहेबांकडे अर्ज द्यावा,’ असे उत्तर मिळाले आणि चहा आला. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची यंत्रणा कायद्याने अस्तित्वात आहे, हे त्या खोलीतल्या बहुतेकांच्या गावीही नव्हते. म्हणून हे पत्र.

पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या सात निर्देशांपैकी सहावा या प्राधिकरणाविषयी होता. पोलीस अधीक्षक व त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी राज्यस्तरावर एक आणि उपअधीक्षकापर्यंतच्या सर्वांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक, अशी दुहेरी रचना न्यायालयाला अभिप्रेत होती, आणि दोषींवरील कारवाईबाबत प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक राहील असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये १९५१ च्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून प्राधिकरण आणले खरे, पण आणताना दोन ठिकाणी कात्री लावली. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला, आणि शिफारस बंधनकारक राहण्याऐवजी अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणे नोंदवून प्राधिकरणाचा चौकशी अहवाल नाकारण्याची मुभा शासनाला मिळाली. एरवी कायद्याची भाषा भक्कम आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणे हे सारे विषय प्राधिकरणाच्या कक्षेत येतात, अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश असतो आणि साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत.

पण विभाग म्हणजे आमच्याकडे आठ जिल्हे. विभागाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. नांदेड तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि किनवट तर नांदेडच्याही पुढे शंभर किलोमीटरहून अधिक. मारहाणीची तक्रार घेऊन तिथवर जाणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो, आणि एका तारखेला त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. उशिराचा आणखी एक तोटा सहसा कोणी बोलत नाही. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. त्या मुदतीत तक्रार योग्य ठिकाणी पोचलीच नाही, तर पुढे मागवण्याजोगे चित्रण शिल्लकच राहत नाही.

एसपी कार्यालयाला दिलेल्या अर्जाचे काय होते, हे न्यायालयात नोकरी केल्यामुळे मला ठाऊक आहे. शेजारच्या शेतमजुराच्या मुलामुळे ते घराजवळून पाहायलाही मिळाले. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेऊन दोन रात्री ‘बसवून ठेवले’. (हे बसवून ठेवणे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही, ठाण्यात मात्र रोजचे आहे, कारण अटक दाखवली की चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते.) मोटार तिसऱ्याच माणसाकडे सापडली. बापाने अर्ज दिला. तो एसपी कार्यालयातून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि तिथून चौकशीसाठी त्याच ठाण्यात आला. मुलाला ज्या हवालदाराने नेले होते, त्यानेच बापाचा जबाब लिहून घेतला. ‘माझी आता काही तक्रार नाही’ या वाक्याखाली अंगठा उमटला आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. यात कोणी फार दुष्ट होते असेही नाही. कागद त्याच्या नेहमीच्या वाटेने गेला, इतकेच.

परभणीची घटना अजून ताजी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात जो हिंसाचार झाला, त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला, तरी गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिथेही तो आदेश टिकला. त्या माउलीच्या मागे नामांकित वकील आणि सारा समाज उभा होता. दोन रात्री बसवून ठेवलेल्या मुलाच्या बापाने कोणते खंडपीठ गाठायचे?

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळांना वेसण घालणे हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या मतदारांनी २०१८ मध्ये मतदानाने उभे केलेले नागरी मंडळ राज्याच्या २०२३ च्या कायद्याने मोडीत निघाले, आणि त्याच्या जागी आलेली समिती तक्रार स्वतः तपासू शकत नाही, ती पोलिसांच्याच अंतर्गत शाखेकडे पाठवते. फ्लोरिडाने २०२४ मध्ये नागरी मंडळांना गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी करण्यास मनाई केली. मंडळ हवेच असेल तर त्याचे सदस्य पोलीसप्रमुखाने किंवा शेरीफने (तिथल्या परगण्याच्या पोलीस अधिकाऱ्याने) नेमायचे. हे वाचताना मला आमची शांतता समिती आठवली. तिची यादीही ठाण्यातच तयार होते. शांतता समिती, मोहल्ला समिती, तंटामुक्त गाव समिती अशा कितीतरी समित्यांत नागरिक पोलिसांशेजारी बसतात, पण त्या सगळ्या पोलिसांना मदत करण्यासाठी आहेत, त्यांचे काम तपासून पाहण्यासाठी एकही नाही.

तरीही प्राधिकरणाला मर्यादा असू नयेत, असे माझे म्हणणे नाही. शिपायाला बडतर्फ करण्याचा अधिकार चार प्रतिष्ठित नागरिकांच्या हाती देऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने शासकीय कर्मचाऱ्याला दिलेले संरक्षण, म्हणजे आरोप कळवणे, बाजू ऐकणे आणि नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने बडतर्फ न करणे, हे त्यालाही मिळालेच पाहिजे. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभ्या राहणाऱ्या माणसावर खोटी तक्रार होऊ शकते, होतेही. म्हणून शिक्षा खात्याने आणि खटला न्यायालयाने पाहावा, हे मला मान्य आहे. न्यूयॉर्कमध्येही १९९३ पासून सर्वस्वी नागरिकांचे मंडळ असताना शिस्तभंगाचा अंतिम निर्णय पोलीस आयुक्तच घेतो. माझा आक्षेप आहे तो अहवाल नाकारल्यानंतरच्या गुप्ततेला. कारणे लेखी नोंदवायची असे कायदा म्हणतो. मग ती मंत्रालयातल्या नस्तीत पडून राहण्यात काय अर्थ आहे? अपवाद खरोखरच अपवादात्मक होता की नाही, हे कारणे वाचल्याशिवाय कोणालाही ठरवता येणार नाही, खुद्द विधिमंडळालाही नाही.

यासाठी फार मोठा खर्च नको. शासनाने अहवाल नाकारला, तर तीस दिवसांच्या आत कारणांची मराठी प्रत तक्रारदाराला पोचती करावी आणि संकेतस्थळावर टाकावी. अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेचे नाव अर्थातच वगळावे. जिल्हा प्राधिकरणे होतील तेव्हा होतील, तोवर विभागीय प्राधिकरणाने नांदेड, लातूर आणि परभणी येथे आळीपाळीने बैठका घ्याव्यात. तक्रारी स्वीकारण्यासाठी नवे कार्यालयही लागणार नाही, कारण तालुका न्यायालयांत विधी सेवा समित्या आहेतच. तिथे अर्ज घेऊन पोच द्यावी आणि तो थेट प्राधिकरणाकडे पाठवावा, ठाण्यामार्फत नव्हे. आणि ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक रंगवलेले असतात, त्याखाली प्राधिकरणाचा पत्ताही लिहावा. पुढच्या बैठकीत त्या तरुणाने तोच प्रश्न विचारला, तर उत्तरासाठी भिंतीकडे बोट तरी दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
गंगाखेड, जि. परभणी