पाडव्याची स्की-सहल आणि आपली स्की-पेटी : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे आणि शनिवारी २१ तारखेला आपली नूरमार्कातली, म्हणजे ओस्लोच्या उत्तरेच्या जंगलातली सहल. हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. पेटीत (तळघरातल्या त्या खोलीला आपण अजून पेटीच म्हणतो) मुलांच्या स्कीच्या २६ जोड्या आहेत, पण मार्चअखेरच्या ओल्या बर्फावर भरवसा ठेवावा अशा फक्त चार. नावं नोंदवलेली मुलं १९. हिशेब करायला खजिनदार लागत नाही. उरलेल्या पंधरांसाठी मेण न लागणाऱ्या, पट्टीवाल्या स्की घ्यायच्या आहेत, त्यासाठी हे आवाहन.

गेल्या वर्षी जे आले होते त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री थोडा नवा बर्फ पडला, सकाळी पारा शून्यावर, आणि दहाच्या सुमारास लख्ख ऊन. शून्य अंशावरचा नवा बर्फ म्हणजे मेण लावणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. कोरडं मेण लावा, पकड नाही. क्लिस्टर, म्हणजे चिकट ओलं मेण लावा, बर्फ गोळा होऊन चिकटतो. वाटेतल्या ट्रीवान तळ्याच्या पुढे जाईपर्यंत मुलांच्या स्कीखाली चार-चार बोटं बर्फ साचला होता. जानेवारीत नागपूरहून आलेली सात वर्षांची एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच स्कीवर उभी राहिली होती. पाय पुढे सरकेना, शेजारची इथली मुलं सुळकन पुढे निघून जात होती. तिला वाटलं आपल्यालाच जमत नाही. बर्फात बसून ती रडली. तिला जमत होतं हो. स्की चुकीची होती, आणि ती आपण तिला दिली होती.

उल्लेवोलसेटर या जंगलातल्या उपाहारगृहाच्या दोनेक किलोमीटर अलीकडून खजिनदारांनी सगळ्यांना माघारी वळवलं. काही पालक नाराज झाले, गरम कोको हुकला म्हणून मुलंही रुसली. पण नॉर्वेच्या डोंगर-नियमांतला आठवा नियमच आहे, वेळेत माघारी फिरा, त्यात लाज नाही. १९६७ च्या ईस्टरमध्ये इथल्या डोंगरांत अठरा जीव गेले, त्यानंतर हे नियम घरोघरी पोहोचले. खजिनदारांचा निर्णय बरोबर होता, हे मंडळातर्फे आज लेखी नोंदवते.

पेटी कशी उभी राहिली हे नव्यांना माहीत नाही, जुन्यांनाही थोडं विसरायला झालं असावं, म्हणून सांगते. २०१६ च्या हिवाळ्यात आपल्याकडे तीन जोड्या होत्या. आपल्या पहिल्या अध्यक्षांच्या जिन्यात राहणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना आपण सगळे बेस्तेफार (आजोबा) म्हणतो, त्यांनी आपल्या मुलांच्या सहा जोड्या आणून दिल्या, आणि देऊन थांबले नाहीत. सलग चार हिवाळे दर गुरुवारी ते तळघरात आले, इस्त्री गरम करून मेण कसं उतरवायचं, कसं खरवडायचं ते आपल्या पोरांना शिकवलं. चकल्या त्यांना फार आवडायच्या. आज ते ८७ वर्षांचे आहेत, स्कीवर जात नाहीत, पण सहलीच्या आदल्या दिवशी त्यांचा हवामानाचा फोन येतोच. नाशिकच्या वहिनींनी जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यातली एकही अजून उसवलेली नाही. साताऱ्याचे आपले भाऊ तीन वर्षं इथे होते. पुण्याला परतताना त्यांनी सगळ्या कुटुंबाचा स्कीचा संसार पेटीला दिला, आणि आजही पाडव्याला तिकडून न चुकता पैसे पाठवतात. ज्याला आता बर्फ दिसतही नाही तो माणूस! लिलेस्ट्रोमच्या डॉक्टर दांपत्याने २०१९ मध्ये मेणाचं मोठं खोकं दिलं होतं. त्यातलं बरंचसं फ्लोरीनचं होतं. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्पर्धांत फ्लोरीनवर बंदी आणली. ही द्रव्यं निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठत जातात. मुलांच्या हातात ते नको म्हणून आपण ते घातक कचऱ्यात जमा केलं. त्यांच्या देणगीची किंमत त्यामुळे कणभरही कमी होत नाही.

आता, ‘२६ जोड्या असताना आणखी कशाला?’ हा प्रश्न. गेल्या सभेत तो विचारला गेला आणि वेळ संपल्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आज देते. स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. घसरताना वजन दोन्ही पायांवर वाटलेलं असतं, मधला भाग बर्फाला टेकत नाही. एका पायावर सगळा भार देऊन रेटा दिला की तो भाग खाली दबतो, आणि तिथलं मेण बर्फ धरतं. थंडीत हे सोपं, कारण ताज्या बर्फाच्या कणांना टोकं असतात, ती मेणात रुततात. निळ्या डबीतलं कोरडं मेण फासा आणि निघा. मार्च-एप्रिलमध्ये मात्र बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो. असं आठ-दहा वेळा झालं की टोकं झिजून कण गोल होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. मग कोरड्या मेणाला धरायला काही राहत नाही आणि क्लिस्टर लागतं. ते नळीतून येतं आणि फणसाच्या चिकासारखं हाताला, कपड्यांना, गाडीच्या सीटला लागतं. (हाताचं तेलाने निघतं, हे कोकणातल्यांना शिकवावं लागलं नाही.) सकाळी लोइपे (स्कीसाठी बर्फात आखलेला मार्ग) काचेसारखा कडक असतो तेव्हा निळं क्लिस्टर, दुपारी पाणी सुटलं की लाल. म्हणजे एकाच दिवशी दोनदा, आणि तेही १९ मुलांना!

पट्टीवाल्या स्कीला हे काही लागत नाही. पायाखालच्या भागात मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची पट्टी असते. केस मागच्या दिशेने बसवलेले. पुढे जाताना ते आडवे पडतात, मागे रेटलं की बर्फात अडकतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून बघा, कळेल. काचेसारख्या कडक बर्फावर क्लिस्टर सरस हे मान्य, पण शून्याच्या आसपास, ज्या हवेत गेल्या वर्षी आपली फजिती झाली, त्या हवेत नवशिक्या मुलासाठी यापेक्षा चांगलं साधन नाही. ओल्या बर्फात स्कीचा तळ पाण्याने धरूनही ठेवला जातो. धुतलेली दोन ताटं एकात एक घट्ट बसतात ना, तसं. त्यासाठी तळावर बारीक चरे पाडायचं हातयंत्र लागतं. ते आपल्याकडे नाही, दरवर्षी कोणाकडून तरी मागून आणतो.

आणि हे केवळ हौसेसाठी नाही. इथल्या शाळांत स्कीचा दिवस असतो. त्या दिवशी ज्या मुलाकडे स्की नाही, किंवा आहे पण चालत नाही, ते मूल कडेला उभं राहतं. शहरातल्या उसनवारीच्या केंद्रांचे आपल्यावर उपकार आहेतच, पण ऊन पडलेल्या शनिवारी तिथल्या फळ्या रिकाम्या असतात. शिवाय ओस्लोत बर्फाचे दिवस कमी होत चाललेत. आपली मुलं स्की शिकणार ती बहुतेक असल्या ओल्या बर्फावरच.

मागच्या ऑक्टोबरमध्ये याच कामासाठी आवाहन केलं होतं. १४० घरांपैकी नऊ घरांनी उत्तर दिलं. त्या नऊ घरांचे आभार मी प्रत्यक्ष मानले आहेत. बाकीच्यांकडे पैसे नव्हते असं मला वाटत नाही, त्याच आठवड्यात दिवाळीच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं एका संध्याकाळी संपली. राग नाही. वाईट मात्र वाटलं, आणि ते मनात ठेवून पुन्हा गोड लिहिणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिलं.

एक मागणं पैशांचं नाही, हातांचं. शीफोरेनिंगेन ही स्की-संस्था १८८३ पासून आहे, इथले बरेच लोइपे तिच्या यंत्रांनी आखले जातात. पण बर्फ मऊ झाला की यंत्रांना रात्रीच्या गोठण्याची वाट बघावी लागते, आणि आपल्या वस्तीजवळच्या दिव्यांच्या लोइपेवर मार्चमध्ये माती वर येते. तिथे कडेचा बर्फ फावड्याने ओढून आणायचा आहे. इथले लोक याला डुगनाड म्हणतात, आपल्याकडे इर्जिक म्हणायचे. गेल्या वर्षी आपले चौघं होते, शेजारच्या नॉर्वेजियन घरांतून तीस. निदान पंधरा जण तरी या.

तपशील : ओळखीच्या दुकानाने मुलांचा पट्टीवाला संच (स्की, बूट, काठ्या) १,८०० क्रोनरला देऊ केलाय, १५ संचांचे २७,०००, शिल्लक ६,५००, म्हणजे हवेत २०,५००, भाव ८ मार्चच्या रविवारपर्यंतच. व्हिप्सचा (मोबाइलवरून पैसे पाठवायच्या ॲपचा) क्रमांक दिवाळीचाच, ‘पेटी’ लिहा, पूर्ण संच दिल्यास मुलाचं नाव पिशवीवर घालू. चरे पाडायचं यंत्र कोणी स्वतंत्रपणे देत असेल तर आधी मला कळवा, दोन नकोत. जुन्या पट्टीवाल्या स्की चालतील, ११० ते १५० सेंमी. मेणाच्या नकोत, जागा नाही. फावड्याचं काम शनिवार १४ मार्च, सकाळी ९, फावडं आपापलं. तळघरात स्की तयार करणं शुक्रवार २० मार्च, संध्याकाळी ६, जुने कपडे घालून. सहल २१ ला, एक नंबरच्या मेट्रोने शेवटचं स्टेशन फ्रोग्नरसेटेरेन, सकाळी साडेनऊ, उशीर नको, दुपारी बर्फ बसतो. परतही तिथेच यायचं आहे, खाली सोंग्सवान तळ्याकडे उतरायचं नाही. फ्रोग्नरसेटेरेन साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि सोंग्सवान १८३ वर, खाली बर्फ राहील याची खात्री नाही, आणि तळ्याच्या बर्फावर कोणीही पाऊल टाकू नये. उन्हाचा चष्मा, मलम, जादा मोजे. पुरणपोळ्या आणि संत्री मंडळाकडून.

नागपूरच्या त्या मुलीच्या आईने यंदा सगळ्यांत आधी नाव नोंदवलं. तिची उंची आता १२४ सेंमी आहे, तिच्या मापाची पट्टीवाली स्की पेटीत नाही.

आपली,
सचिव