टोकन देण्याआधी क्लबहाऊसचे कागद

पुणे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

नागपुरात वर्धा रोडच्या ज्या स्कीममध्ये तुम्ही फ्लॅट बघताय, तिचं ब्रोशर वाचलं. निम्म्याहून जास्त पानं क्लबहाऊसची, आणि फ्लॅटचा नकाशा शेवटी, भिंग लावून पाहावा असा. पूर्वी सिव्हिल लाइन्समधल्या सीपी क्लबचं किंवा गोंडवाना क्लबचं सभासदत्व वेगळं आणि राहतं घर वेगळं असायचं. क्लबात मन रमलं नाही तर जाणं बंद, घराला त्याची झळ नाही. आता क्लब घराच्या किमतीतच गळ्यात पडतो. तुम्ही पोहा नाहीतर न पोहा, मेन्टेनन्स दर महिन्याला. म्हणून क्लब कसा दिसतो हे नंतर. तो कोणाच्या नावावर आहे, हे आधी.

आपल्याकडे बऱ्याच स्कीम सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली होतात. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन हा कळीचा कागद, कारण सामायिक जागा कोणत्या ते त्यात लिहिलेलं असतं. क्लबहाऊसची इमारत, तिच्याखालची जमीन आणि तिथवरचा रस्ता, तिन्हींचा तिथे स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं ‘क्लबहाऊस वापरण्याचा हक्क’ एवढंच असेल, तर मालकी बिल्डरकडे राहण्याची सोय झाली समजा. उद्या तो बाहेरच्यांना मेंबरशिप विकेल, हॉल लग्नाला देईल, आणि तुम्ही आपल्याच गेटवर पास दाखवत उभे राहाल.

दुसरी मेख टप्प्यांची. मोठ्या स्कीमचा प्रत्येक टप्पा महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, वेगळा नोंदवता येतो. तुमचा फ्लॅट पहिल्या टप्प्यात आणि क्लबहाऊस तिसऱ्यात असेल, तर ताबा मिळाल्यावरही समोर नुसता पत्र्याचा आडोसा. बाबा, महारेराच्या साइटवर तुमच्या टप्प्याचा नोंदणी क्रमांक टाका आणि सुविधांच्या यादीत क्लबहाऊस आहे का, काम किती झालंय, ते पाहा. करारनाम्यातही क्लबहाऊस सुरू होण्याची तारीख लिहून घ्या. सेल्सवाला ‘आजच १५ टक्के भरा’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. करारनामा रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांच्या वर रक्कम घेणं रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये बसत नाही.

आईला तीन बेडरूमच हव्यात, म्हणून मेन्टेनन्सचा हिशेब. समजा १,२५० चौरस फुटांना ४ रुपये दर, म्हणजे ५,०००. क्लबचे वेगळे दीड रुपया दराने १,८७५. झाले ६,८७५. पुढच्या वर्षी १० टक्के वाढ झाली की ७,५६२. दरमहा ७,५०० ची रेघ ओलांडली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असली (मोठ्या स्कीमची असतेच), की १८ टक्के जीएसटी मागे लागतो. बिल्डर दोन वर्षांचा मेन्टेनन्स आगाऊ घेतो तेव्हा विक्रीसाठी दर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. खरा खर्च रहिवाशांच्या हाती कारभार आल्यावर कळतो, आणि न विकलेल्या फ्लॅटचा वाटा कोणी भरलेलाच नसतो. तो वाटा बिल्डर भरेल, हे लेखी मागा.

स्विमिंग टँक मात्र नीट बघा, कारण कारभार कसा चाललाय ते तिथे लपत नाही. रविवारी संध्याकाळी सहाला जा, सकाळी नको. सकाळी कुठलाही टँक चकचकीत असतो. सर्वांत खोल भागात तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. क्लोरीनचा उग्र वास आला तर स्वच्छता आहे असं समजू नका. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास सुटतो. रोजची नोंदवही मागा: पीएच ७.२ ते ७.८, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग). आपल्या मे महिन्याच्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं, त्यामुळे दिवसातून एकच नोंद दिसली तर ती खुर्चीत बसून भरलेली. १५ बाय ८ मीटर, सरासरी १.२ मीटर खोल टँकमध्ये १,४४,००० लिटर पाणी मावतं. ते सहा तासांत एकदा गाळायचं तर पंपाने ताशी २४,००० लिटर ओढायला हवं. वीज वाचवायला पंप दोनच तास चालवला, तर फिल्टरमधून तिसरा हिस्साच जातो आणि पाणी हिरवं पडतं. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडालं तरी रोजचे १,२०० लिटर वर भरावे लागतात. ते बोअरचं की टँकरचं, ते विचारा. आणि बाबांच्या गुडघ्यांना उभी शिडी चालायची नाही. कठडा असलेल्या रुंद पायऱ्या हव्यात.

‘सीनियर फ्रेंडली’ या शब्दाला भुलू नका. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये निकष काढले आहेत. त्यात दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवेत. टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, आणि जनरेटरवर सगळ्या लिफ्ट चालतात की एकच, तेही पाहा. मिहान या औद्योगिक भागात एम्स आहे, ही जमेची बाजू. पण खापरी मेट्रो स्टेशनपासून गेटपर्यंत रात्री ऑटो मिळतो का, हे रात्रीच जाऊन बघा.

राहता राहिला तो तुम्हाला आलेला ‘फ्री गिफ्ट’वाल्या हॉलिडे क्लबचा फोन. हॉटेलात बोलावून दोन-तीन तास बसवतात आणि त्याच दिवशी सही मागतात. जायचंच असेल तर कार्ड घरी ठेवून जा बाप्पा. २५ वर्षांची मेंबरशिप तुमच्या वयाला कशाला? वापर नसला तरी वार्षिक फी चालूच, आणि दिवाळीत खोली मिळतच नाही. पैसे गेलेच असतील तर आधी लेखी रद्दपत्र द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नागपुरातूनच करता येते, दोन वर्षांच्या आत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

डिक्लेरेशनची सगळी पानं व्हॉट्सअॅपवर पाठवा, परिशिष्टांसकट. क्लबहाऊसची जागा बहुधा नकाशाच्या परिशिष्टातच सापडते. मी वाचून कळवेपर्यंत चेकबुक कपाटात.

तुमची,
मनू